शाळेतील सिस्टर आणि मुलांचे गुपित

शाळेच्या आरोग्य तपासणीत एकदा नववीतील एक मुलगी मुद्दाम सर्वांत शेवटी थांबली. "सिस्टर, मला फिट येतात. गोळी चालू आहे. पण वर्गात सांगू नका, मुली चिडवतील."

मी म्हटले, "मुलींना नाही सांगणार. पण तुझ्या वर्गाच्या बाईंना ठाऊक नको का?" आईशी बोलून दोघींची संमती घेतली आणि बाईंना एवढेच समजावले : फिट आल्यास मुलीला कुशीवर वळवावे, तोंडात चमचा घालू नये, कांदा-चप्पल हुंगवू नये, घड्याळ पाहावे, पाच मिनिटांत फिट थांबली नाही तर ताबडतोब दवाखान्यात न्यावे. दोन महिन्यांनी प्रार्थनेच्या वेळी ती कोसळली, तेव्हा बाईंनी नेमके हेच केले.

गुप्तता म्हणजे तोंडाला कुलूप नव्हे. ज्याला मुलाच्या काळजीसाठी माहिती हवी, त्याला हवी तेवढीच सांगावी, इतरांना नाही. तपासणीची वही शिक्षकांच्या खोलीत उघडी ठेवू नये. वजन, पाळी, अंथरुण ओले होणे यांची चौकशी रांगेत सर्वांसमक्ष करू नये. एकदा हसे झालेले मूल पुन्हा दुखणे सांगायला येत नाही.

एचआयव्हीबाबत तर कायदाच आहे. २०१७ च्या कायद्यानुसार संमतीवाचून कोणाचीही अशी माहिती उघड करता येत नाही आणि त्या कारणाने शाळेत भेदभावही करता येत नाही.

मात्र एक गुपित पोटात ठेवता येत नाही. अठरा वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले, तर २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे; न कळवणे हा गुन्हा आहे. मदतीसाठी १०९८ हा क्रमांक आहे. म्हणून "कोणालाही सांगणार नाही" असे वचन मी कधीच देत नाही. आधीच सांगते, "तुझ्या जिवाला धोका असेल तर मला सांगावेच लागेल, पण कोणाला सांगणार, ते आधी तुला सांगेन."

पालकहो, मूल सिस्टरशी काय बोलले हे खोदून विचारू नका. आणि त्याचा आजार शाळेपासून लपवूही नका. लपवलेला आजार ऐन वेळी मुलालाच महागात पडतो.