जुना चेन लोडर : ओळख आणि पारख

मुळशीच्या उतारावर भातखाचरे काढण्यासाठी जुना चेन लोडर घ्यायचा असेल, तर ताज्या रंगावर आणि तासांच्या मीटरवर विसंबू नका. दोन्ही बदलता येतात.

प्रथम मॉडेल ओळखा. पुढे पाते असेल तो डोझर, बकेट असेल तो लोडर. कॅटरपिलरच्या ९५५ व ९७७ या जुन्या लोडरमध्ये इंजिन चालकाच्या पुढे असते. १९८० च्या दशकारंभी आलेल्या ९५३, ९६३ व ९७३ मध्ये ते मागे असून चाल हायड्रोस्टॅटिक आहे. ही चाल बिघडली तर गावच्या गॅरेजात सहसा दुरुस्त होत नाही. अनुक्रमांकाची पट्टी उचकटलेली दिसली तर मालकाला कारण विचारा.

मोठा खर्च चेनचाच. स्प्रॉकेटचे दात टोकदार झाले असतील, तर पिन-बुशही झिजले असे समजा. अशा दातांवर नवी चेन चढवणे म्हणजे पैसे मुरमात घालणे. रोलरजवळ तेल गळते का, चेन ताणण्यास अजून वाव आहे का, हे वाकून बघा. कपडे मळले तरी चालतील. बकेट जमिनीवर टेकवून किंचित उचलायला सांगा. पिनांचा ढिलेपणा लगेच दिसतो.

इंजिन थंड असतानाच सुरू करून पाहा. मालकाने ते आधीच तापवून ठेवले असेल, तर दुसऱ्या दिवशी सकाळी न कळवता जा.

यंत्र मिळाल्यावर काम जमीन वाळल्यावरच करा. वरची सुपीक माती आधी बाजूला काढा, खालचा थर सपाट करा आणि मग तीच माती परत पसरा.