मर्यादवेल आणि मे महिन्याची सुट्टी

वार्षिक परीक्षा संपते, पुस्तके फळीवर जातात आणि सुट्टी सुरू होते. पहिले चार दिवस आनंदात जातात; पुढे मात्र दुपार लांबत जाते, उकाडा असह्य होतो आणि ‘आता काय करावे?’ हा प्रश्न पडू लागतो. या बाबतीत आपण गोमंतकवासी भाग्यवान आहोत. घरामागील परसबाग आणि फार दूर नसलेला समुद्र ही आपली दोन विद्यालये उन्हाळ्यातही बंद नसतात. तेथे काय पाहावे, काय करावे आणि तेथून घरी काय आणावे, याचा थोडा विचार या लेखात करावयाचा आहे.

प्रथम परसबाग. नवशिक्याने तांबड्या भाजीपासून आरंभ करावा. पेरल्यापासून सुमारे महिन्याभरात ती ताटात येते. तिचे बी फार बारीक असते. म्हणून ते कोरड्या वाळूत मिसळून पेरावे, म्हणजे रोपे एके ठिकाणी दाट न उगवता वाफाभर सारखी पसरतात. वाफ्याभोवती राखेची रेघ ओढावी, नाहीतर मुंग्या बी पळवतात. पाणी सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर घालावे. भर दुपारी घातलेल्या पाण्याची बरीचशी वाफ होऊन जाते. माडाच्या आळ्यात नारळाची सोडणे पुरण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. सोडण पाणी धरून ठेवते आणि मुळांना ते हळूहळू पुरवते. हीच युक्ती जास्वंदीच्या किंवा अबोलीच्या बुंध्याशीही करून पाहावी व वर वाळल्या पानांचा थर पसरावा. मे महिन्यात विहिरीचा तळ दिसू लागतो. अशा वेळी तांदूळ आणि भाजी धुतलेले पाणी वाफ्यात नेऊन ओतणाऱ्या मुलाला पाण्याचे मोल वेगळे शिकवावे लागत नाही.

आता समुद्राकडे वळू. किनाऱ्यावर जावयाचे ते ओहोटीच्या वेळी. आपल्या किनाऱ्यावर साधारणपणे दिवसातून दोनदा भरती व दोनदा ओहोटी होते आणि त्यांची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, कारण चंद्रही रोज तितकाच उशिरा माथ्यावर येतो. आज सकाळी ६ वाजता पाणी पुरते ओसरले असेल, तर उद्या ते ७ वाजावयास दहा मिनिटे असताना ओसरेल. अमावास्या व पौर्णिमा यांच्या सुमारास उधाण येते. त्या दिवसांत पाणी जसे अधिक चढते तसेच अधिक मागे हटते, आणि एरवी बुडालेले खडक उघडे पडतात. मात्र वडीलधाऱ्यांच्या सोबतीवाचून जाऊ नये, आणि तांबडे निशाण लागलेले असेल तर पाण्यात पाऊल टाकू नये. मे सरता सरता समुद्र खवळू लागतो, हे विसरू नये.

ओल्या वाळूवर मोहरीएवढ्या किंवा वाटाण्याएवढ्या गोळ्यांची नक्षी दिसते. ती लहानशा खेकड्यांची करणी होय. वाळूतील अन्नाचे कण खाऊन उरलेल्या वाळूच्या गोळ्या ते मागे टाकतात. पुढची भरती ती नक्षी पुसून टाकते. काही शिंपल्यांना एक नेटके गोल भोक असते. वाळूत राहणारी एक शिकारी गोगलगाय शिंपला कोरून आतला जीव खाते, त्याची ती खूण. एखादा शंख चालू लागला तर दचकू नये. आत संन्यासी खेकडा असतो. त्याचे पोट मऊ असून त्याला स्वतःचे कवच नसते, म्हणून तो रिकाम्या शंखात राहतो आणि अंग वाढले की मोठा शंख शोधतो. आपण हौसेने उचललेला सुबक शंख म्हणजे कुणाचे तरी उद्याचे घर असू शकते!

किनाऱ्याच्या वरच्या अंगाला वाळूच्या टेकड्यांवर एक वेल पसरलेली असते. पाने आपट्यासारखी दुभंगलेली, फुले जांभळट. हिचे नाव मर्यादवेल. तिच्या मुळांनी वाळू बांधली जाते आणि त्या टेकड्या लाटा-वाऱ्यांपासून मागच्या माडांचे व घरांचे रक्षण करतात. ती तुडवू नये, उपटू नये. मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग येथील वाळूत सागरी कासवे अंडी घालतात. उशिरा घातलेल्या अंड्यांतून पिले बाहेर पडतात तोवर उन्हाळा आलेला असतो. पिले उजेडाच्या दिशेने जातात. म्हणून रात्री तेथे विजेरी पाजळली तर ती समुद्राऐवजी भलतीकडे वळतात.

मग घरी आणावे तरी काय? माझे उत्तर सोपे आहे : सुटा, रिकामा शिंपला घ्यावा, अखंड शंख तेथेच ठेवावा, आणि घ्यावयाचे तेही ओंजळभरच. भोके पडलेले शिंपले तर तोरणासाठी जणू तयारच असतात. ते गोड्या पाण्यात दिवसभर भिजवून घासावे, सावलीत वाळवावे आणि मोठ्यापासून लहानापर्यंत क्रम लावून काथ्याच्या बारीक दोरीत ओवावे. प्रत्येक शिंपल्याखाली गाठ मारली की ते घसरत नाहीत. उरलेले शिंपले एका पेटीत मांडून प्रत्येकाखाली जागा व तारीख लिहावी, म्हणजे खेळाचा संग्रह होतो.

ही कला आपल्याला नवी नाही. आपल्या जुन्या घरांच्या खिडक्यांत काचेऐवजी पातळ शिंपल्यांचे चौकोनी तुकडे बसवलेले दिसतात; त्यांतून येणारा प्रकाश दुधासारखा सौम्य असतो. परंतु ज्या शिंपल्याच्या त्या खिडक्या, त्याचा अंतर्भाव २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या सूचीत करावा लागला. समुद्र मोठा असला तरी त्याचे भांडार अक्षय नाही, हा त्यातील बोध होय.

विद्यार्थी मित्रहो, वाफ्यातली भाजी सगळी न खुडता दोन रोपे बियांसाठी राखणारा शेतकरी आणि किनाऱ्यावरचा शंख जागीच ठेवणारा मुलगा, हे दोघेही एकच धडा गिरवत असतात. उपभोगाला मर्यादा असली म्हणजे आनंद पुढच्या वर्षासाठीही उरतो. यंदाच्या सुट्टीत तोरण अवश्य करा. आणि शाळा उघडल्यावर ते आणाल तेव्हा सोबत आपली टिपणवहीही आणा. काय आणले हे तोरण सांगेल. काय पाहिले आणि काय तेथेच ठेवले, हे वहीने सांगावे.