नाव लावण्यापूर्वी

महाजालावर प्रत्येकाने स्वतःच्या खऱ्या नावाने बोलावे, म्हणजे शिवीगाळ आपोआप ओसरेल, असे जे मत प्रतिष्ठित मंडळी मोठ्या आत्मविश्वासाने मांडतात, त्याची किंमत कोण मोजतो हे मी जवळून पाहिले आहे. आमच्या गावच्या फेसबुक समूहावर, उन्हाळ्यातील टँकरच्या फेऱ्या कागदोपत्री किती आणि प्रत्यक्षात किती, असा प्रश्न मी नाव-आडनावासह विचारला. समूहावर त्याचे उत्तर आले नाही. आला तो माझ्या कचेरीत, वरिष्ठांच्या नावे एक अर्ज. त्याला माझ्या मजकुराची छापील प्रत टाचलेली, आडनावाखाली तांबड्या शाईची दुहेरी रेघ, आणि सहीच्या जागी ‘एक जागरूक नागरिक’. फेऱ्यांविषयी त्यात अवाक्षर नव्हते. माझी जात, भावाचे दुकान आणि बहिणीचे सासर यांचा मात्र साद्यंत उल्लेख होता. लेखी खुलासा घेऊन प्रकरण दप्तरी दाखल झाले. पण भावाच्या दुकानाची उधारी काही घरांनी त्यानंतर चुकती केली नाही.

आडनावावरून जात, गाव आणि भाऊबंद ओळखणाऱ्या समाजात खऱ्या नावाची सक्ती सर्वांवर सारखी पडत नाही. शिवाय तिने सभ्यताही येत नाही. दक्षिण कोरियाने २००७ मध्ये मोठ्या संकेतस्थळांवर लिहिणाऱ्यांची ओळख पडताळणे कायद्याने बंधनकारक केले. २०११ मध्ये तेथे एका कंपनीच्या संकेतस्थळांवरील सुमारे साडेतीन कोटी सभासदांची माहिती चोरीस गेली. आणि २०१२ मध्ये तेथील घटना न्यायालयाने, गैरमजकूर लक्षणीय घटल्याचे दिसत नाही असे नमूद करून, ती तरतूद रद्दबातल ठरविली.

याचा अर्थ निनावीपणाला मोकळे रान द्यावे असा नव्हे. तो अर्जदारही निनावीच होता. कायम टिकणाऱ्या टोपणनावाचे तसे नसते. सरकारी चाकरीत असलेल्या गोपाळ हरि देशमुखांनी १८४८ पासून ‘प्रभाकर’ साप्ताहिकात शतपत्रे लिहिली ती ‘लोकहितवादी’ या एकाच नावाने, आणि म्हणूनच वाचकांना त्या लेखणीकडे मागच्या पत्राचा जाब मागता आला.

तेव्हा टोपणनाव घ्यावयाचे तर एकच घ्यावे आणि ते निभवावे. त्या नावाने लिहिताना नोकरीचे ठिकाण, नातलग किंवा अन्यत्र वापरलेले छायाचित्र यांचा मागमूस ठेवू नये. टीका कृत्यावर करावी, पुरावा तारखेसह जपावा. पोलिसांनी रीतसर तपास केला तर टोपणनावामागचा इसम सापडू शकतो, हेही विसरू नये. अधिकृत तक्रार मात्र नावानिशीच द्यावी, कारण केंद्रीय दक्षता आयोगही त्याच्या धोरणानुसार निनावी तक्रारीवर कार्यवाही करत नाही.

समूहाच्या ॲडमिनांनी फेसबुकवरील निनावी मजकुराची सोय जरूर सुरू करावी; तीत लिहिणाऱ्याचे नाव इतर सभासदांपासून झाकलेले राहते, पण ॲडमिनांना दिसते. ते नाव पोटात ठेवण्याची ज्यांची तयारी नसेल, त्यांनी ती जागा दुसऱ्यास द्यावी.