फोर्टमधला गायब किल्ला

पोंभुर्ण्याहून एसटीने चंद्रपूरला येणाऱ्याला परकोट म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही. जटपुरा गेटाशी ऑटो आणि दुचाक्या एकमेकांत अडकल्या की गोंड राजांच्या नावाने बोटं मोडत आपण थांबतोच. मुंबईत नेमकं उलटं आहे. तिथे एका भागाचं नावच 'फोर्ट', पण किल्ला शोधूनही सापडत नाही. व्हिजिटला गेलेली पोरं गेटवे आणि चौपाटी बघून परततात. पुढच्या वेळी एक रविवार सकाळी फोर्ट पायी फिरा. ऑफिसं बंद असतात, मान वर करून चाललं तरी कुणी धडकत नाही.

मुंबई मुळात सात बेटांची. दक्षिणेकडच्या बेटावर बंदराला लागून इंग्रजांची वस्ती होती आणि तिच्याभोवती तट. तटाला तीन दरवाजे : अपोलो, चर्च आणि बाजार. यातला चर्च गेट म्हणजे सेंट थॉमस चर्चकडे जाणारा. चर्च १७१८ सालचं, आजही उभं आहे. दरवाजा गेला आणि नाव तेवढं रेल्वे स्टेशनला उरलं. तटाबाहेर मोठं मैदान मुद्दाम मोकळं ठेवलेलं असे, कारण तोफेच्या माऱ्यात आडोसा नको. आज ओव्हल, क्रॉस आणि आझाद मैदानावर पोरं क्रिकेट खेळतात, ते या तोफांच्या कृपेने !

मग तट गेला कुठे ? १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना. मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. पैसा आला, जागा अपुरी पडू लागली आणि गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या काळात, १८६२ पासून, तट पाडायला सुरुवात झाली. जिथे कापसाच्या गासड्या रचत त्या मोकळ्या जागेवर गोलाकार बाग आणि भोवती एकसारख्या कमानींच्या इमारती उभ्या राहिल्या. ते आजचं हॉर्निमन सर्कल. समोर टाऊन हॉल (१८३३), म्हणजेच एशियाटिक. त्याच्या ३० पायऱ्यांवर बसून डबा खायला हरकत नाही, आम्ही खाल्ला.

आता खरी अभ्यासाची जागा. काळा घोड्याजवळची एस्प्लनेड मॅन्शन, मूळची वॉटसन हॉटेल. तिचा ओतीव लोखंडाचा सांगाडा इंग्लंडमध्ये तयार करून जहाजाने आणला आणि १८६७ ते १८६९ मध्ये इथे जोडला. भिंतींवर भार नाही, भार सगळा सांगाड्यावर. आरसीसी फ्रेमचं जे गणित आपण सेमिस्टरभर घोकतो त्याची ही पणजी. ७ जुलै १८९६ ला ल्युमिएर बंधूंचा सिनेमा भारतात पहिल्यांदा याच इमारतीत दाखवला गेला.

पण ओतीव लोखंड दाबाला भक्कम आणि ताणाला ठिसूळ. त्यात बेटावरची खारट दमट हवा, आणि वर्षानुवर्षांची आबाळ. २००५ साली बाल्कनीचा भाग कोसळून एक माणूस गेला. २०१९ मध्ये भाडेकरूंना बाहेर काढलं. आयआयटी मुंबईच्या अहवालाने इमारत पाडा म्हटलं. वारसा इमारतींच्या तज्ज्ञांनी पाहणी करून ती दुरुस्त होऊ शकते म्हटलं. दोन्हीकडे जाणकार, इमारत एकच. आमच्या ग्रुपमध्ये यावरून परतीच्या गाडीत वर्धा येईपर्यंत भांडण चाललं. माझं मत दुरुस्तीच्या बाजूने आहे, पण खाली फुटपाथवरून रोज जाणाऱ्याची हमी कोण घेणार, या रूममेटच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. सही करणारा इंजिनिअर उद्या आपल्यातलाच असेल.

शेवटी व्हीटीला, म्हणजे आताच्या सीएसएमटीला या. १८८८ ची ती इमारत सगळेच बघतात, २००४ पासून ती जागतिक वारसा यादीत आहे. तुम्ही मात्र मागे सेंट जॉर्ज रुग्णालयाकडे जा. किल्ल्याच्या तटाचा एक तुकडा तिथे शिल्लक आहे. चंद्रपूरचा मैलोगणती कोट बघितलेल्या डोळ्यांना तो अगदीच एवढासा वाटतो. दवाखाना चालू असतो, तेव्हा गलका न करता बघा.