उरणात समुद्र कालवताना

पिरवाडीचा किनारा घरापासून दहा मिनिटांवर, आणि हा माणूस घरी बादलीत मीठ कालवून समुद्र बनवतो, याचं शेजाऱ्यांना अजून हसू येतं. टाकीत दोन सर्जनफिश आहेत, एक पिवळा, एक निळा. निळा म्हणजे 'फाइंडिंग निमो'तली डोरी. जे शिकलो ते ठेच लागत गेली त्या क्रमाने लिहितो.

१. मिठागराचं मीठ चालत नाही. ते समुद्राचंच, मग गोड्या पाण्यात विरघळवलं की समुद्र परत मिळेल, असा माझा हिशेब होता. पण मिठागरात पाणी आटताना कॅल्शियम जिप्सम होऊन आधीच खाली बसतं, आणि मीठ धरल्यावर उरलेलं कडू पाणी सोडून देतात, त्यातून मॅग्नेशियम जातं. हाती राहतं ते खाण्याचं मीठ. मासे आणण्याआधी एका जाणत्याने थांबवलं म्हणून बरं. मग थेट समुद्राचंच पाणी का नको? पावसाळ्यात ते गढूळ आणि अळणी होतं, वर बंदर शेजारी. ७ ऑगस्ट २०१० ला एमएससी चित्रा आणि खलिजिया-३ या जहाजांची टक्कर झाली आणि तेल किनाऱ्यापर्यंत आलं, ते इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. आता आरओचं पाणी आणि मत्स्यालयासाठीचं तयार मीठ, लिटरला ३५ ग्रॅमच्या आसपास.

२. उडतं ते पाणी, मीठ जागेवरच राहतं. पहिल्या मे महिन्यात पातळी उतरली की मी खारं पाणीच ओतत होतो. घनता १.०२५ वरून १.०३० वर गेली तेव्हा डोकं चाललं. भर घालायची ती साध्या आरओच्या पाण्याची.

३. पिवळा हा चरणारा मासा आहे. हे कळायला मला दोन वर्षं लागली, आणि बाकी सगळं याच्यापुढे किरकोळ. प्रवाळावर हा मासा दिवसभर शेवाळ खुडत हिंडतो, बांधावरच्या शेळीसारखा. मी काय द्यायचो? करंजा बंदरावरचा सुका जवळा, सकाळ-संध्याकाळ. पिवळा त्यावर तुटून पडायचा, म्हणून मी खूश. पण त्याचं पोट खपाटीला गेलं, डोक्यावर बारीक खड्डे पडले, आणि रंग धुतलेल्या हळदीच्या डागासारखा झाला. दुकानदाराने रंग खुलवणारी बाटली विकली, तिने पाणी तेवढं फेसाळलं. सुशीसाठी मिळते ती नोरी, म्हणजे वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा कागद, तेल-मीठ-मसाला न लावलेली, आणून चिमट्याने काचेला अडकवली. पहिले चार दिवस दोघांनी ढुंकून पाहिलं नाही. पाचव्या दिवशी निळ्याने एक कोपरा ओढला. तीन महिन्यांत पिवळा पुन्हा पिवळा झाला. डोळ्याजवळचा एक खड्डा मात्र भरला नाही. आता रोज तळहाताएवढा तुकडा सकाळीच लागतो, जवळा आठवड्यातून एकदा, चवीपुरता.

शेजारच्या कोळीण मावशी हे सगळं बघून एकदा म्हणाल्या, "यो म्हावरा खावाचा का निस्ता बगाचा?"

४. पांढरे ठिपके दिसले की औषध मोठ्या टाकीत ओतू नका. साखर भुरभुरल्यासारखे ते ठिपके म्हणजे परजीवी. चार-सहा दिवसांत ठिपके गळतात, आपण म्हणतो मासा बरा झाला. पण परजीवी वाळूत कवच करून बसलेला असतो आणि फुटला की शेकडोंनी बाहेर येतो. तांब्याचं औषध त्याला मारतं, पण गोगलगायी-कोळंब्यांनाही मारतं आणि दगडांत मुरतं. मासे वेगळ्या, वाळू-दगड नसलेल्या काचपेटीत ठेवून उपचार केले, मोठी टाकी अडीच महिने माशांविना ठेवली. आता नवा मासा आधी महिनाभर त्या पेटीतच राहतो.

५. शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना पातं असतं, त्यावरूनच सर्जन हे नाव. जाळीने धरायला गेलो तर पातं अडकलं, सोडवताना माझा अंगठा कापला. तेव्हापासून प्लास्टिकची बरणी.

६. चार फुटी टाकी पुरत नाही. माझी आता सहा फुटी आहे, ६८० लिटरची. निळा वाढून फूटभर होऊ शकतो.

७. वीज. पंख्याने पाणी थंड होतं ते कोरड्या हवेत. उरणच्या जूनमध्ये घामच वाळत नाही तिथे टाकी काय निवणार? चिलर घ्यावाच लागला. आणि वीज गेली की आधी धोका प्राणवायूचा, म्हणून बॅटरीवरचा हवेचा पंप हाताशी. गेल्या पावसाळ्यात एका रात्री अंधारात तोच लावत होतो, मावशी बॅटरी घेऊन मदतीला आल्या. उजेड टाकीवर पडला आणि त्या किंचाळल्याच, "आरं, पिवला पांढरा परला! मेला का काय?"

झोपेत पिवळ्याचा रंग उतरतो, अंगावर एक पांढरा पट्टा उठतो. पहिल्या वर्षी मीही असाच रात्री दोनला घाबरलो होतो. मावशींना म्हटलं, "झोपलाय. बॅटरी जरा खाली धरा."