न जुळणारं रूप

उदगीर

चि. भाचीस,


इंग्रजीतला 'डे' आपल्या 'दिना'वरूनच आला असणार, असं तू लिहिलंस. नाही, बाळ. संस्कृत शब्दाच्या आरंभी 'द' असेल तर इंग्रजीत सहसा 'ट' सापडतो: द्वौ–टू, दश–टेन, दन्त–टूथ. याकोब ग्रिमनं १८२२ मध्ये अशा जुळण्यांचा नियम बांधला. 'डे' त्यात बसत नाही, तेव्हा ते नातं सोडून दे.

सारखेपणावर भाळू नकोस. आपल्याकडं मराठी, कानडी, दखनी एकाच बाजारात ऐकू येतात. अक्का, अण्णा हे शब्द मराठीत आहेत आणि कानडीतही. पण ते शेजारानं आले, रक्तानं नव्हे.

आता तुझ्या अभ्यासातलं जर्मानिक क्रियापद घे: *वेर्थनं, म्हणजे 'होणे'. हे रूप कुठंच लिहिलेलं नाही. गॉथिक, जुनी इंग्रजी, जुनी जर्मन यांची रूपं शेजारी मांडून ते रचलंय, म्हणून आधी तारा. संस्कृत 'वर्तते'चं ते भावंड. 'वर्त्मन्'वरून आलेली आपली 'वाट'ही त्याच धातूची. संस्कृत 'त'च्या जागी तिकडं 'थ' येतो, इथवर ग्रिम पुरतो. पण जुन्या इंग्रजीत भूतकाळाचं एकवचन 'वेअर्थ' आणि अनेकवचन 'वुर्दोन'. हा 'द' कुठून आला? पुष्कळांनी अपवाद म्हणून तो बाजूला ठेवला होता.

डेन्मार्कच्या कार्ल वेर्नरनं ठेवला नाही. त्यानं वैदिक स्वर, म्हणजे आघात, पाहिले. त्याच धातूच्या 'ववर्त' या एकवचनात आघात धातूवर, 'ववृतिम' या अनेकवचनात शेवटच्या प्रत्ययावर. आघात लगेच आधीच्या स्वरावर नसेल तिथं 'थ' मऊ होऊन 'द'कडं झुकतो. १८७७ मध्ये त्याचा लेख छापून आला आणि अपवादाचाच नियम झाला. जर्मानिक भाषांत तो जुना आघात केव्हाच शब्दाच्या आरंभी सरकला होता; इकडं वेदपाठकांनी तो पिढ्यान्‌पिढ्या घोकून जपला होता. अर्थ बाजूला ठेवून नुसता स्वर सांभाळणाऱ्या त्या माणसांबद्दल मला फार आदर वाटतो.

म्हणून दिवाळीला येशील तेव्हा वही आण. आपल्या भागातल्या म्हाताऱ्या बायांचं बोलणं उतरवून घेताना जोर कुठं पडतो, स्वर कुठं ओढला जातो, तेही लिही. एखादं रूप कशातच बसलं नाही तर ते दुरुस्त करू नकोस. बोलणारीचं गाव आणि वय टाकून जसंच्या तसं ठेव.

तुझा,
मामा