इंटरनेटवाचून फाइलींचा मेळ

द्वितीय वर्ष, कला

मोबाइलमधील फाइल शेजारच्या संगणकावर न्यायची म्हटली की आपण ती ई-मेलने स्वतःलाच पाठवतो आणि तेथे उतरवून घेतो. अंतर दोन हातांचे, पण फाइल कोठल्या तरी दूरच्या सर्व्हरला वळसा घालून येते! जेथे रेंजसाठी टेकडी चढावी लागते तेथे तर हा मार्ग बंदच. वस्तुतः वायफाय निराळे आणि इंटरनेट निराळे. वायफाय हा यंत्रांना जोडणारा बिनतारी दुवा. त्यातून बाहेरच्या जगाकडे वाट असलीच पाहिजे असे नाही. इंटरनेटची जोडणी नसलेला साधा राउटरही या कामी चालतो.

'सिंकथिंग' हा मोफत प्रोग्रॅम या दुव्याचा उपयोग करतो. २०१३ मध्ये याकोब बोर्ग यांनी तो प्रसिद्ध केला. त्याच्या मूळ अँड्रॉइड अॅपचे काम डिसेंबर २०२४ मध्ये थांबले. तेव्हा फोनवर इतरांनी पुढे चालवलेली आवृत्ती घ्यावी लागते. प्रत्येक यंत्राला ५६ अक्षरांची ओळख मिळते. दोन्ही यंत्रांनी एकमेकांची ओळख मान्य केल्यावाचून एकही फाइल हलत नाही. त्यानंतर ती एकाच वायफायवर परस्परांना हाका मारून शोधतात.

फाइलीचे तुकडे पाडले जातात. प्रत्येक तुकड्यावरून गणिताने एक ठसा काढतात आणि ज्याचा ठसा जुळत नाही तेवढाच तुकडा पाठवतात. अशी काटकसर जुनी आहे. ऑस्ट्रेलियात अँड्र्यू ट्रिजेल व पॉल मॅकेरास यांनी १९९६ मध्ये 'आरसिंक' तयार केला, त्यातही फाइलीचा बदललेला भागच पाठवण्याची युक्ती होती. पद्धत मात्र वेगळी.

आता खरी मेख. मेळ ठेवणे म्हणजे जपून ठेवणे नव्हे. माझ्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या मी मराठीच्या प्रकल्पासाठी ध्वनिमुद्रित करतो. घरात मोठा फोन एकच, तो वडिलांचा. तो भरला की जुने पुसणे आलेच. पण जोडलेल्या फोल्डरमधून फोनवर ओवी पुसली की पुसल्याची बातमीही संगणकाला पोचते आणि तेथूनही ती जाते! फोनची बाजू 'फक्त पाठवणारी' व संगणकाची 'फक्त घेणारी' ठेवली तरी हे टळत नाही, कारण पुसणे हाही प्रोग्रॅमच्या लेखी एक बदलच.

म्हणून संगणकावर त्या फोल्डरसाठी जुन्या प्रती राखण्याची सोय आधी चालू करावी. मग पलीकडून पुसलेली फाइल 'एसटीव्हर्शन्स' नावाच्या लपलेल्या फोल्डरात जाते. याहून सोपा उपाय म्हणजे आलेल्या ओव्या जोडलेल्या फोल्डरबाहेर उतरवून ठेवणे आणि एकदोन ऐकून मगच फोन मोकळा करणे. मी हेच करतो.

एकच फाइल दोन्हीकडे बदलली, तर प्रोग्रॅम दोन्ही प्रती ठेवतो आणि आधी बदललेल्या प्रतीच्या नावात 'सिंक-कॉन्फ्लिक्ट' असे जोडतो. ओव्यांत तसा प्रसंग येत नाही. टिपणवहीत येतो, आणि मग कोणते टिपण खरे हे आपणच वाचून ठरवायचे.

माझे फोल्डर ज्या संगणकावर आहे तो चुलतभावाचा, जुना आणि एकुलता. तेव्हा ओव्यांची आणखी एक प्रत पेन ड्राइव्हवर उतरवून आजीच्याच ट्रंकेत ठेवली आहे.